व्रानच्या किल्ल्याचा पुरावा

शनिवार, १७ जानेवारी १८९१
दुपारी ३ वाजून २० मिनिटे

प्रिय दादा,

वर लिहिलेली वेळ पत्राची नाही, शोधाची आहे. त्या वेळी मी व्रानच्या किल्ल्यात, गोल बुरुजाच्या आतल्या अंगाला, तिसऱ्या पायरीपासून नऊ फूट चार इंचांवर गुडघे टेकून एका वेलीचे मूळ उपटत होतो. पत्र लिहायला बसलो तेव्हा साडेपाच झाले होते. हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

तू पाटागोनियाला गेल्यापासून चार वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिले नाही. त्याबद्दल खाली लिहितो. आधी दगडाबद्दल लिहू दे.

ईस्टरच्या सोमवारी चॅपलचा आइस्टेथ्वॉड आहे. गाणे, पठण, कविता यांच्या नेहमीच्या स्पर्धा आहेतच, पण या वर्षी निबंधाचा विषय आहे "व्रानच्या किल्ल्याचा इतिहास". बक्षीस तीन गिनी, आणि जिंकलेला निबंध छापून काढणार! स्टेशनवर चार पेनीला मिळणाऱ्या पुस्तकात काय लिहिले आहे ते तुला पाठ असेल: किल्ला १२८४ साली इंग्लंडच्या राजाने बांधला. आणि बाबा जन्मभर काय सांगत राहिले तेही पाठ असेल: किल्ला आपला, आपल्या मारेदिद राजाचा, इंग्रजांनी तो नुसता बळकावला. खाणीतल्या जेवणाच्या खोपीत लोक त्यांना हसायचे. बाबा जाऊन दोन वर्षे झाली तरी जेबेझ अजून हसतो. परवाच मला म्हणाला, "तुझ्या बापाला तीस वर्षांत पुरावा गावला नाही, तुला काय उशीखाली गावणार?"

दादा, गावला.

मुळाखाली पाटीच्या दगडाच्या सहा चपट्या होत्या, कडेला कड लावून इतक्या नीट रचलेल्या की त्यांच्यात पाणीसुद्धा शिरले नव्हते. त्यांच्या खाली एक मोठी फरशी पालथी घातलेली. दोन फूट एक इंच लांब, एक फूट तीन इंच रुंद, दोन इंच जाड. मी ती उलटली. तिच्यावर अक्षरे कोरलेली आहेत:

मारेदिदने मला उभारले
MCCXXIX

म्हणजे १२२९! इंग्रज यायच्या पंचावन्न वर्षे आधी! मी टोपी काढली आणि मग मलाच हसू आले, कारण तिथे मेंढ्यांशिवाय कोणी नव्हते.

फरशीच्या डाव्या कडेला एक अर्धगोल खोबण आहे, सात इंच लांब, एक इंच रुंद, गुळगुळीत. बहुधा दाराच्या बिजागराची असावी. मला तिचा फायदाच झाला. कागदावर अक्षरांचा ठसा घेताना पेन्सिल घरंगळू नये म्हणून मी ती खोबणीत ठेवली, खाणीच्या शेडमध्ये ठेवतो तशी. माझा तर्क असा: इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा कोणीतरी विश्वासू माणसाने हा शिलालेख लपवला असणार. इतक्या काळजीने दगड रचणाऱ्या माणसाला मी ओळखतो असे मला सारखे वाटत होते.

आता राहिलेली गोष्ट. तू गेलास त्या दिवशी मी स्टेशनवर आलो नाही. मला ताप होता असे आईने तुला सांगितले असेल. ताप नव्हता. मी किल्ल्यात तिसऱ्या पायरीवर बसलो होतो, आणि तुझ्या गाडीची शिट्टी मी तिथून ऐकली. तू आणि बाबा एका टेबलावर जेवून एकमेकांशी बोलत नव्हता, मीठसुद्धा माझ्या हातून मागत होता, आणि मी बाबांची बाजू धरली होती. भांडण कशावरून होते हे मला कोणी सांगितले नाही. तेव्हा माहीत नव्हते, आजही नाही. पत्ता होसेया काकांनी दिला आहे. चुकला असल्यास कळव.

तुझा धाकटा भाऊ,
एनोक


शनिवार, २८ फेब्रुवारी १८९१
दुपारी १ वाजून ४५ मिनिटे

प्रिय दादा,

निबंध दिला! आत्ताच, स्वतःच्या हाताने, पोस्टमास्तरांकडे. या वर्षी समितीचे चिटणीस तेच आहेत. अडतीस पाने. प्रत्येक अवघड शब्द मी पाळकसाहेबांच्या शब्दकोशात दोनदा पाहिला. शाळा अकराव्या वर्षी सुटली हे निबंधावरून कोणाला कळू नये.

टोपणनाव घेतले आहे "तिसरी पायरी". खरे नाव वेगळ्या लखोट्यात, लाखेने बंद. परीक्षकाला स्पर्धक कोण हे कळले तर निबंध बाद, म्हणून मी सहा आठवडे दगडाबद्दल ब्र काढलेला नाही. आईलाही सांगितले नाही. ज्याला सांगितले असा तूच एकटा आहेस, कारण तू सात हजार मैलांवर आहेस.

गप्प राहणे किती अवघड आहे ते सांगतो. बुधवारी खोपीत चहा उकळत होता. जेबेझ माझ्या विजारीकडे बघून म्हणाला, "काय रे एनोक, गुडघ्यांना रोज माती? प्रार्थना करतोस का बटाटे लावतोस?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"बटाटे तुझ्या डोक्यात लावले पाहिजेत, जेबेझ," होसेया काका म्हणाले. "जमीन कधीची पडीक आहे."

सगळे हसले. जेबेझला तेवढेच हवे होते. "मी सांगतो किल्ला कुणी बांधला ते, आणि फुकट सांगतो. ज्याच्याकडे पैसा होता त्यानं. आपल्या राजाकडे काय होतं? बकऱ्या!"

"होत्या ना. आणि त्या राखायला तुझे आजोबा होते," काका म्हणाले. मग खोपीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी चहाच्या डब्यावर चमचा वाजवला आणि विषय बंद केला. मी तोंडात भाकरीचा तुकडा धरून बसलो होतो. गिळला असता तर दगडाचे नाव बाहेर पडले असते.

पहिली तीस पाने कंटाळवाणी आहेत, हे मी प्रस्तावनेतच कबूल केले आहे. त्यांत नुसती मोजमापे आहेत. गोल बुरूज खरा गोल नाही, घोड्याच्या नालेसारखा आहे: एका बाजूला वळलेला, तीन बाजूंनी सरळ. गवंड्यांनी दगडांवर केलेल्या खुणा मी मोजल्या. दरवाज्याच्या मोठ्या भिंतीत एकशे बारा, बुरुजात एकही नाही. आणि भिंत बुरुजाला जिथे मिळते तिथे ती मिळतच नाही. दगड एकमेकांत गुंतवलेले नाहीत, भिंत नुसती येऊन टेकली आहे. मी सांध्यात वहीचे पान सरकवले, ते पाच इंच आत गेले. हे सगळे लिहिले, कारण मोजले होते आणि टाकवेना.

खरा निबंध पान ३१ पासून सुरू होतो. तिथे दगड आहे! परीक्षक बार्मथचे पाळक हम्फ्रीज आहेत. ते पान ३१ उघडतील तेव्हा त्यांचा चेहरा बघायला मी माझी नवी टोपी देईन.

तुझा,
एनोक


मंगळवार, १७ मार्च १८९१
दुपारी १२ वाजून ५ मिनिटे (मला कळले ती वेळ)

दादा,

शेडमध्ये जेवणाचा भोंगा व्हायला पंचवीस मिनिटे होती. माझ्यापुढे पाट्या फोडायला नवा दगड आला. मी त्यावर रेघ मारली आणि पेन्सिल कडेच्या खोबणीत ठेवली. पेन्सिल बसली. इतकी नेमकी बसली की माझा हात तिच्यावरच राहिला.

तुला पुढचे सांगायला नको, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला खरे वाटणार नाही. खडकात भोक पाडायचे, दारू ठासायची, उडवायचे. भोक मधोमध फाटते आणि अर्धे दगडाच्या कडेला राहते. एक इंच रुंद, गुळगुळीत. मारेदिदच्या काळात या देशात सुरुंगाची दारू कोणी पाहिलीही नव्हती. मी दहा वर्षे रोज शंभर वेळा तशा खोबणीत पेन्सिल ठेवतो, म्हणून मला ती दिसलीच नाही. शहरातल्या वकिलाने विचारले असते, "ही काय भानगड?" मी विचारले नाही. मी ती मोजली, इंच लिहिले, बिजागराचा तर्क केला!

घरी आई तुझ्या जुन्या मोज्याची टाच सोडवून माझ्यासाठी विणत होती.

"आई, किल्ल्यात एक दगड आहे," मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "अजून आहे होय तिथं?"

मी खाली बसलो.

"तू आठ वर्षांचा होतास," ती म्हणाली. "तुझा दादा कॅलेब सोळाचा. खोपीत तुझ्या बाबांना सगळे हसले, ते त्यानं बघितलं. खाणीच्या ढिगातनं फरशी काढली, पाठीवर टाकून वर नेली, आणि महिनाभर कोरत बसला. खांद्यावर हा एवढा वळ. मला म्हणाला, पडलो. मग एका शनिवारी बाबांना घेऊन गेला. बघा, म्हणाला, पुरावा."

"आणि बाबांनी ओळखलं."

"बघताक्षणी. तीस वर्षं सुरुंग भरलेला माणूस तो. कानफटात मारली त्याच्या. घरी आले ते पांढरे पडून. म्हणाले, उद्या हे कुणी ओळखलं तर दगड जाईल आणि त्याच्या मागं किल्लाही जाईल. मी खरं बोललो होतो तेही खोटं ठरेल. कॅलेब म्हणाला, मी तुमच्यासाठी केलं. त्यानंतर दोघं धड बोललेच नाहीत. दोघांचीही मान एकाच लाकडाची."

"मग बाबांनी तो फोडला का नाही?"

"घण घेऊन गेले होते." आईने सुई थांबवली. "तसेच परत आले. म्हणाले, अक्षर फार चांगलं काढलंय पोरानं."

म्हणजे त्या सहा चपट्या बाबांनी रचल्या होत्या. म्हणून मला तो हात ओळखीचा वाटला होता.

आणि दादा, माझे पहिले पत्र! ते आता कुठल्यातरी समुद्रात तुझ्याकडे निघाले आहे आणि मला ते परत बोलावता येत नाही. तू ते उघडशील, आणि त्यात मी तुला तुझ्याच दगडाची लांबी-रुंदी सांगत असेन. विश्वासू माणूस, वेढा, टोपी काढली, सगळे. तुझे तोंड कसे होईल हे मला कळत नाही. हसशील असे धरून चालतो. दुसरे काही धरले तर झोप येणार नाही.

पण आता निबंधाचे काय करू? दिलेला निबंध बदलता येत नाही. माझ्या नावाने परीक्षकांना कळवले तर बाद. गप्प राहिलो आणि जिंकलो, तर बाबांनी जे पुरले ते मी छापून घरोघर वाटीन. जेबेझचे तोंड बंद होईल, पण ते कशाने झाले हे मला माहीत असेल.

एनोक


शनिवार, २१ मार्च १८९१
दुपारी ४ वाजून १० मिनिटे, परतीच्या गाडीत

प्रिय दादा,

मार्ग सापडला! म्हणून अक्षर हलते आहे. डबाही हलतो आहे.

खरे नाव कळता कामा नये एवढाच नियम आहे. टोपणनावाने पत्र लिहू नये असे नियमात कुठेच नाही. मी अकराच्या अकरा कलमे वाचली. अडचण एवढीच की आपल्या पोस्टात पत्र टाकले तर पोस्टमास्तर प्रत्येक लखोटा दोन्हीकडून वाचतात, वर चिटणीसही तेच. "बार्मथच्या हम्फ्रीजसाहेबांना पत्र, एनोक? तब्येत बरी आहे ना त्यांची?" एवढ्यात सगळे संपले असते.

म्हणून दुपारी खाणीची अर्धी सुट्टी झाल्यावर दोन स्टेशने पलीकडे गेलो आणि तिथल्या पेटीत टाकले. पत्र असे होते:

"महाराज, पाने ३१ ते ३८ कृपया रद्द समजावीत. दगड खोटा आहे. तो कोरणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते. चूक माझी आहे: मी खोबण मोजली पण ओळखली नाही. उरलेल्या पानांतील मापे मी स्वतः घेतली असून ती बरोबर आहेत. आपला, तिसरी पायरी."

पेटीत पत्र पडल्याचा आवाज आला आणि मला एकदम भूक लागली. आता तीस पानांच्या मोजमापांनी काही जिंकता येत नाही. पण मनुकांचा पाव घेतला आणि सगळा एकट्याने खाल्ला.

एनोक


मंगळवार, ३१ मार्च १८९१
सकाळी ७ वाजून १० मिनिटे, आईच्या टेबलावर

प्रिय, प्रिय दादा,

सावकाश लिहायचा प्रयत्न करतो.

काल शाळेचे मोठे दालन भरले होते. खिडक्यांतसुद्धा माणसे बसली होती. माझ्या उजवीकडे जेबेझ, डावीकडे आई, मागे होसेया काका. हम्फ्रीजसाहेब उंच, पांढऱ्या दाढीचे, आणि त्यांच्या उजव्या हाताला दोनच बोटे. ते मी आधी पाहिले नाही.

"पाच निबंध आले," ते म्हणाले. "तीन स्टेशनवरच्या पुस्तकातून उतरवलेत, छपाईच्या चुकांसकट. चौथा कवितेत आहे. कविता कुणी मागितली नव्हती."

लोक हसले.

"पाचवा 'तिसरी पायरी' यांचा. पहिली तीस पानं वाचताना माझा चहा दोनदा गार झाला. मग मी पान एकतीस वाचलं आणि वही भिंतीवर फेकली. हो, फेकली! मी पाळक व्हायच्या आधी नऊ वर्षं खाणीत होतो. माझी तीन बोटं अजून तिथंच आहेत." त्यांनी तो हात वर केला. "सुरुंगाचं भोक मला कुणी शिकवू नये. मी ठरवलं होतं, आज या मंचावर उभं राहून या लबाडाची सालटी काढायची. भाषण लिहून तयार होतं."

आईने माझा हात धरला. निबंधाचे तिला मी काही सांगितले नव्हते, पण मीही तिचाच मुलगा आहे, तिने ओळखले होते.

"आणि मग हे पत्र आलं."

त्यांनी ते वाचले. सगळे. "मी खोबण मोजली पण ओळखली नाही" या वाक्याला अख्खे दालन हसले. चेष्टा नव्हती ती, दादा. तिथे निम्म्या लोकांच्या खिशात पेन्सिल होती आणि ती कुठे ठेवतात हे त्यांना ठाऊक होते.

"आता ऐका," ते म्हणाले. "लेखकानं तीस पानांची माफी मागितली आहे. पुरावा तिथंच आहे! भिंतीवर इंग्रज राजाच्या गवंड्यांच्या एकशे बारा खुणा, बुरुजावर एकही नाही. भिंत बुरुजाला नुसती टेकलेली. जे टेकतं ते नंतर येतं. ज्याला टेकतं ते आधीचं असतं. इंग्रज आले तेव्हा बुरूज उभा होता. याला शिलालेख लागत नाही, मोजपट्टी लागते. तीन गिनींतली एक मी त्या आठ पानांसाठी कापतोय. उरलेल्या दोन देतोय. तिसरी पायरी, असाल तिथे उभे राहा!"

मी उभा राहिलो.

जेबेझने माझा कोट ओढला. "बस खाली, येड्या, लोक बघतायत! ज्याचं नाव त्याला उठू दे." मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि कोट सोडला. "अरे देवा," तो म्हणाला, "बटाटे!"

पाळकबाईंनी बक्षिसाची रेशमी पिशवी माझ्या गळ्यात घातली. मी खाली येताना एक पायरी चुकलो. कितवी ते मोजले नाही.

मध्यंतरात कोणी चहाला थांबेना. चाळीसएक माणसे सरळ किल्ल्यावर चढली, चॅपलच्या चांगल्या बुटांनी, चिखलातून. जेबेझ सर्वांत पुढे. "पान जातं म्हणतोस ना? बघू!" त्याने कार्यक्रमपत्रिका घडी घालून सांध्यात सरकवली. ती गेली. त्याने अजून ढकलली, अजून गेली, शेवटी सगळी आत जाऊन अडकली आणि हातात काही उरले नाही. जेबेझ काही बोलला नाही. जेबेझ काही बोलला नाही, हे मी मुद्दाम दोनदा लिहितो.

होसेया काकांनी टोपी काढली आणि बुरुजाकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का रे, भावा? तीस वर्षं डबा वाजवून तुला मी गप्प बसवलं." मग ते बराच वेळ नाक शिंकरत होते.

सगळे उतरल्यावर मी मागे राहिलो. दगड पुन्हा पालथा घातला, वर सहा चपट्या, कडेला कड. बाबांसारख्या जमल्या नाहीत. एका ठिकाणी पाव इंच फट आहे. अक्षर मात्र खरेच चांगले आहे, दादा. मारेदिदच्या राजगवंड्यालाही लाज वाटली असती.

आज सकाळी आईने कपाटाच्या तळातून तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढे ठेवली. "त्या दिवशी बाबांनी त्याच्या हातातून काढून घेतली होती," ती म्हणाली. छिन्नीवर तुझ्या नावाची अक्षरे आहेत. गंजाचा ठिपका नाही. दर ईस्टरला बाबा तिला तेल लावायचे. ते गेल्यावर आई लावते. हे तुला कोणी कळवले नसेल म्हणून कळवतो.

हिशेब:

जमा: दोन गिनी, म्हणजे ४२ शिलिंग.
खर्च: वही व कागद, १ शिलिंग ४ पेनी.
दोन पेन्सिली, २ पेनी.
गाडीभाडे जाऊन-येऊन, ८ पेनी.
बार्मथचे टपाल, १ पेनी.
मनुकांचा पाव, ३ पेनी.
तुला पाच पत्रे, हे धरून, १ शिलिंग अर्धा पेनी.
एकूण खर्च, ३ शिलिंग साडेसहा पेनी.
शिल्लक ३८ शिलिंग साडेपाच पेनी. आईकडे दिली.

देणे: होसेया काकांना मोजपट्टी. आज परत करतो.
जेबेझला कार्यक्रमपत्रिका, १ पेनी. नको म्हणतो, पण देणार.
दादाला छिन्नी, एक. टपालाने पाठवायला वजन फार होते. येऊन घेऊन जावी. मी स्टेशनवर असेन.

एनोक